हा कागद कोणाचा? तोफखान्यातल्या एका कर्नलच्या दोन ट्रंका

कुटुंबाची ओळख उघड होऊ नये म्हणून या नोंदीत नावं, रेजिमेंटचा क्रमांक आणि घराचा नेमका पत्ता दिलेला नाही. घटनाक्रम, मोजदाद आणि घेतलेले निर्णय मात्र चुकांसकट मांडले आहेत.

पार्श्वभूमी

पर्वतीच्या पायथ्याजवळच्या एका जुन्या बंगल्याचा पुनर्विकास ठरला. करारानुसार ३१ मे २०२४ पर्यंत घर रिकामं करून द्यायचं होतं. घरात ७९ वर्षांच्या काकू एकट्याच राहत. त्यांचे पती तोफखान्यातून कर्नल म्हणून निवृत्त झालेले. ते २०२२ मध्ये वयाच्या ८२व्या वर्षी गेले. मुलगा कोथरूडला, मुलगी परदेशी. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात पोटमाळा उतरवला तेव्हा दोन काळ्या लोखंडी ट्रंका, एक होल्डॉल आणि चामड्याची एक ॲटॅची खाली आली.

दोन्ही ट्रंकांवर पांढऱ्या रंगात नाव एकच, पण क्रमांक वेगळे. एकीवर ‘ईसी’ने सुरू होणारा, दुसरीवर ‘आयसी’ने. पहिली ट्रंक त्याच नावाच्या दुसऱ्या कुणाची तरी असावी, असं मुलाला वाटलं आणि ती भंगारात द्यायच्या सामानाशेजारी गेली. सुदैवाने भंगारवाला त्या दिवशी आला नाही.

दोन क्रमांकांचा उलगडा साधा आहे. १९६२ च्या युद्धानंतर सैन्याला अधिकाऱ्यांची तातडीने गरज पडली. त्यासाठी पुणे आणि मद्रास इथे ऑफिसर्स ट्रेनिंग स्कूल सुरू झाली आणि तिथून ‘इमर्जन्सी कमिशन’, म्हणजे अधिकारीपदाची तातडीची नेमणूक मिळालेल्यांना ईसी क्रमांक दिले गेले. त्यांच्यातल्या ज्यांना पुढे कायम कमिशन मिळालं, त्यांना नवा आयसी क्रमांक मिळाला. हे कर्नल १९६३ मध्ये पुण्याच्याच त्या शाळेतून बाहेर पडलेले. १९६५ मध्ये ते २५-पाउंडर या ब्रिटिश बनावटीच्या तोफांच्या रेजिमेंटमध्ये गन पोझिशन ऑफिसर (तोफांच्या जागेवरचे अधिकारी) होते, नंतर कायम कमिशन, देवळालीच्या तोफखाना शाळेत लाँग गनरी स्टाफ कोर्स, १९७१ मध्ये पूर्व आघाडीवर पायदळाच्या कंपनीबरोबर ओपी अधिकारी (पुढे राहून तोफांचा मारा नेमका करवून घेणारे निरीक्षक), पुढे १३० मिलिमीटर तोफांच्या रेजिमेंटचं नेतृत्व आणि १९९१ मध्ये निवृत्ती. म्हणजे ईसीची ट्रंक हा त्यांच्या नोकरीचा पहिला भाग होता, आणि १९६५ चं जे काही उरलं होतं ते सगळं तिच्यातच होतं.

अशी ट्रंक पुण्यात शेकडो घरांत असेल. दक्षिण कमांडचं मुख्यालय, खडकवासल्याची प्रबोधिनी, अधिकाऱ्यांच्या पगाराचा हिशेब ठेवणारं संरक्षण लेखा कार्यालय, सगळं याच शहरात. त्यामुळे निवृत्तीनंतर इथे घर करणाऱ्यांची संख्या मोठी आहे. त्या पिढीचे अधिकारी आता ऐंशीच्या पुढे आहेत आणि त्यांचे बंगले एकेक करून पाडले जात आहेत.

अडचण

मदत मागायच्या आधीच कुटुंबाने आठ दिवस आपल्या परीने आवराआवर केली होती. हेतू चांगला होता, पण त्या आठ दिवसांत जे बिघडलं ते पुढे कशानेच पूर्ण दुरुस्त झालं नाही.

राष्ट्रपतींच्या वतीने दिलेलं कमिशनचं प्रमाणपत्र नातवाने कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात नेऊन लॅमिनेट केलं. लॅमिनेशनमध्ये उष्णतेने प्लॅस्टिक कागदाच्या धाग्यांत वितळतं. ते काढायला गेलं तर शाई आणि शिक्का त्याच्याबरोबर निघून येतो, म्हणून ते तसंच ठेवावं लागलं. काळ्या पानांच्या दोन अल्बममधले फोटो काढून आकाराप्रमाणे गठ्ठे बांधले गेले. त्या पानांवर पांढऱ्या पेन्सिलीने लिहिलेली ठिकाणं आणि नावं पानांवरच राहिली, फोटो भलतीकडे गेले. टॅगने बांधलेल्या फायलींमधले कागद सुटे करून ‘पत्रं’, ‘सरकारी’, ‘युद्ध’ अशा प्लॅस्टिकच्या पिशव्यांत भरले. पदकं भांडी घासायच्या पावडरीने लख्ख केली. पदकाच्या कडेवर किंवा पाठीवर क्रमांक, हुद्दा, नाव कोरलेलं असतं आणि कोणतं पदक नोकरीच्या कोणत्या काळातलं हे सांगणारा पुरावा तोच. सातांपैकी एका पदकावरची अक्षरं त्या घासण्याने वाचता येईनाशी झाली.

आणि सर्वांत गंभीर गोष्ट म्हणजे एका नकाशाचा फोटो घरच्या व्हॉट्सॲप गटावर गेला होता. नकाशाच्या वरच्या कडेला ‘रिस्ट्रिक्टेड’ छापलेलं होतं.

यात दोन मुदती होत्या. एक ३१ मे. घर सोडायला उशीर चालणार नव्हता, आणि जूनमध्ये पाऊस सुरू झाला की तात्पुरत्या भाड्याच्या जागेत हे कागद कोरडे ठेवणं अवघड होतं. दुसरी मुदत कुणाच्या लक्षातही आली नव्हती. काकूंना फेब्रुवारी २०२५ मध्ये ८० वर्षं पूर्ण होणार होती. कुटुंब निवृत्तिवेतनात वयाच्या ८०व्या वर्षापासून २० टक्के, ८५ पासून ३०, ९० पासून ४० टक्के अशी वाढ मिळते, पण पेन्शनच्या नोंदीत जन्मतारीख असेल तरच ती वेळेवर लागते. काकूंच्या पेन्शन पेमेंट ऑर्डरमध्ये तो रकाना रिकामा होता. जन्मतारखेचा आणि विवाहनोंदीचा पुरावा याच ढिगात कुठेतरी होता.

समोर असलेले पर्याय

मुलाच्या विनंतीवरून दोघांनी काम हाती घेतलं. अभिलेखागारात बरीच वर्षं काम केलेल्या एक बाई आणि कर्नलांचे कोर्समेट असलेले एक निवृत्त ब्रिगेडियर. या जोडीमुळेच बरंच वाचलं. कागद कसा हाताळायचा हे बाईंना ठाऊक होतं, कागदावर काय आहे हे ब्रिगेडियरांना. यातलं एकच माणूस असतं, तर अर्धं काम चुकलं असतं.

पहिल्या बैठकीत घरच्यांनी पुढे केलेले पर्याय असे होते. सगळं स्कॅन करून मूळ कागद नष्ट करायचे. सगळं रेजिमेंटला देऊन टाकायचं. पुण्यातल्या एखाद्या इतिहास संस्थेला द्यायचं. की सगळं घरीच, नव्या फ्लॅटच्या लॉफ्टवर ठेवायचं?

पहिला पर्याय लगेच बाद झाला. स्कॅन म्हणजे मूळ कागद नव्हे, हे एक कारण. दुसरं अधिक महत्त्वाचं. सरकारी गोपनीय कागदाची प्रत काढणं हाच गुन्हा ठरू शकतो, त्यामुळे काय स्कॅन करायचं हे ठरवल्याशिवाय स्कॅनरला हात लावणं धोक्याचं होतं. रेजिमेंटला सगळं द्यायला काकू तयार नव्हत्या. “ह्यांनी मला लिहिलेली पत्रं मेसच्या कपाटात कशाला?” हा त्यांचा प्रश्न रास्त होता. पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून कागदपत्रं जपत आलं आहे, पण त्याचा मुख्य विषय मराठ्यांचा इतिहास. १९६५ च्या गनरी वह्यांना तिथे शेजार मिळाला नसता. दिल्लीत राष्ट्रीय अभिलेखागार खासगी संग्रह स्वीकारतं आणि १८७० मध्ये स्थापन झालेल्या युनायटेड सर्व्हिस इन्स्टिट्यूशनमध्ये सैनिकी इतिहासाचं संशोधन केंद्र आहे. या शक्यता खुल्या ठेवल्या. नाशिकला तोफखाना केंद्राचं संग्रहालय आहे, तेही यादीत आलं.

मात्र ‘कुठे द्यायचं’ हा प्रश्नच तेव्हा फार लवकर विचारला जात होता. आधी विचारायला हवं होतं, हा कागद कोणाचा? ट्रंक कर्नलांची म्हणून आतला प्रत्येक कागद त्यांचा ठरत नाही. काही सरकारचे होते, काही इतर माणसांचे, काही काकूंच्या आजच्या हक्काचे आणि उरलेले कुटुंबाचे. विषयवार किंवा सालवार लावण्याआधी ही चार ढिगांची विभागणी करायची, असं ठरलं. हा निर्णय बरोबर होता. तो आठ दिवस आधी झाला असता, तर आणखी बरं झालं असतं.

काय केलं

*हात लावण्याआधी.* दुसऱ्या ट्रंकेला सुदैवाने अजून कुणी हात लावला नव्हता. ती उघडून थरांचे वरून फोटो काढले, प्रत्येक थरातल्या गठ्ठ्याला ट्रंक, थर आणि क्रम सांगणारा अंक दिला. कागद कोणत्या कागदाशेजारी होता, यावरून तारीख नसलेल्या कागदाचीही तारीख बांधता येते. सुट्या झालेल्या पहिल्या ट्रंकेसाठी टॅगची भोकं कामी आली. एकाच फायलीतल्या कागदांची भोकं एका रेषेत येतात आणि गंजाचा डाग वरच्या कागदावरून खालच्यावर उतरलेला असतो. असे डाग जुळवत सुमारे दोन तृतीयांश कागद मूळ गठ्ठ्यांत परत बसले.

*कामच थांबवणारी वस्तू.* होल्डॉलमध्ये पितळी टोकाची एक जड शंकूसारखी वस्तू होती. घरात ती वर्षानुवर्षं पेपरवेट म्हणून वापरात होती. ब्रिगेडियरांनी ती दुरूनच ओळखली. तोफगोळ्याच्या नाकावर बसणारा, स्फोट घडवणारा फ्यूज. त्यांनी सगळ्यांना खोलीबाहेर काढलं, दार लावलं आणि ११२ वर फोन केला. बॉम्बशोधक पथकाने तपासल्यावर तो रिकामा निघाला. पण रिकामा आहे हे बाहेरून पाहून कुणालाही, अगदी जुन्या गनरलाही, खात्रीने सांगता येत नाही. व्हरांड्यात छत्र्या ठेवायला वापरलेली २५-पाउंडरच्या काडतुसाची पितळी नळी, म्हणजे केसही पथकाला दाखवली. तिची उंची २९ सेंटिमीटरच्या आसपास. तिच्या तळाच्या प्रायमरची (दारू पेटवणाऱ्या भागाची) जागा रिकामी आहे याची खात्री झाल्यावर ती ठेवली. अशी वस्तू घासायची नाही, हलवून पाहायची नाही, गाडीत घालून पोलीस चौकीत न्यायची तर मुळीच नाही. जिथे आहे तिथेच ठेवून बाहेर पडायचं.

*सरकारचे कागद.* सगळं मिळून २,३४० पानं होती. त्यातली २१४ सरकारची निघाली. त्यांत १९७१ च्या रेजिमेंट वॉर डायरीच्या, म्हणजे युद्धातल्या रोजच्या नोंदींच्या कार्बन प्रतीची १८ पानं, फायर प्लॅन (तोफांच्या माऱ्याचे आराखडे), काही प्रशिक्षण पुस्तिका आणि शिक्का असलेला पत्रव्यवहार होता. शिवाय नकाशांचे नऊ कागद आणि चार टाल्क. टाल्क म्हणजे नकाशावर अंथरायचा पारदर्शक प्लॅस्टिकचा ताव. त्यावर चायनाग्राफच्या मेणकट पेन्सिलीने तोफांच्या जागा आणि लक्ष्यं काढतात.

इथे मुलाने एक आक्षेप घेतला, आणि तो बिनबुडाचा नव्हता. “पन्नास वर्षं झाली, आता यात गुप्त काय उरलंय?” संरक्षण मंत्रालयाच्या जून २०२१ च्या धोरणानुसार युद्धाच्या नोंदी साधारणपणे २५ वर्षांत खुल्या व्हाव्यात, हे खरं आहे. पण खुल्या करण्याचा अधिकार सरकारचा आहे. वर्षं उलटली म्हणून घरातल्या कागदावरचा शिक्का आपोआप पुसला जात नाही. १९२३ च्या शासकीय गुपिते अधिनियमाच्या कलम ५ मध्ये अधिकार नसताना असा कागद बाळगणं हाही गुन्ह्याचा भाग आहे. नकाशांचंही तसंच. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने ओपन सिरीज आणि डिफेन्स सिरीज असे दोन प्रकार केले. घरातले नकाशे त्याआधीचे, सीमाभागाचे आणि ‘रिस्ट्रिक्टेड’ छापलेले होते. ते परत करायचे ठरले. व्हॉट्सॲपवरचा फोटो सगळ्यांच्या फोनमधून आणि बॅकअपमधून काढायला लावला.

परत करायची पद्धत महत्त्वाची आहे, कारण घाबरून असे कागद जाळणारे लोक आहेत. जाळणं हा यावरचा उपाय नाही. या प्रकरणात आधी रेजिमेंटच्या कमांडिंग ऑफिसरना पत्र लिहिलं. कर्नलांचं निधन, कागद सापडल्याची तारीख, प्रकार आणि पानसंख्या एवढंच, मजकुरातलं एक अक्षरही नाही. यादी ई-मेलने न पाठवता रजिस्टर पोस्टाने पाठवली. उत्तर आल्यावर त्यांनी नेमून दिलेल्या अधिकाऱ्याच्या हाती दुहेरी पाकिटात, लाख लावून, पानं मोजून कागद दिले आणि पानसंख्या लिहिलेली पोच घेतली. सगळ्याला पाच महिने लागले. तेवढा काळ हे कागद एका कुलूपबंद पेटीत, बाकी संग्रहापासून वेगळे होते.

टाल्कबाबत दोघांचं मत सुरुवातीला जुळलं नाही. त्यांवर कुठलाच शिक्का नव्हता, म्हणून ते खासगी धरावेत असं बाईंना वाटत होतं. ब्रिगेडियरांनी दाखवलं की कोपऱ्यांतल्या चार फुल्या आणि ग्रिडचे आकडे नकाशाच्या एका विशिष्ट कागदावर बसतात. म्हणजे टाल्क हा त्या नकाशाचा आणि त्या मोहिमेच्या नोंदीचाच भाग आहे. तेही परत गेले, सोबत लेखी विनंतीसह की, खुले झाल्यावर त्यांची प्रत संग्रहाला मिळावी. दोन टाल्कना व्हिनेगरसारखा आंबूस वास येत होता. ॲसिटेट कुजू लागल्याची ती खूण. म्हणून ते बाकी कागदांपासून लगेच वेगळे केले, हवा खेळेल असे ठेवले आणि कुणी ओल्या फडक्याने ‘स्वच्छ’ करू नयेत अशी चिठ्ठी लावली. चायनाग्राफ एका हाताच्या फटकाऱ्यात पुसला जातो.

*इतरांचे कागद.* ९६ पानं अशी होती ज्यांत दुसऱ्यांच्या आयुष्याचा मजकूर होता. कर्नलांनी हाताखालच्या अधिकाऱ्यांसाठी लिहिलेल्या गोपनीय अहवालांचे कच्चे खर्डे, एका चौकशीची टिपणं आणि एक बंद लिफाफा. त्यावर लिहिलेलं, “मी गेल्यावर.” काकूंना तो ठाऊक होता. उघडायचा की नाही हे त्यांनीच ठरवावं, असं सगळ्यांनी मान्य केलं. त्यांनी एक रात्र विचार केला आणि सकाळी म्हणाल्या, “भावजी, तुम्ही उघडा. मी समोर बसते.” ब्रिगेडियरांनी विचारलं, “वहिनी, नक्की ना?” आणि मग उघडला.

आत डिसेंबर १९७१ मध्ये बॅटरीतले (रेजिमेंटमधल्या त्यांच्या तुकडीतले) जे जवान गेले, त्यांच्या घरच्यांना लिहिलेल्या सात पत्रांचे खर्डे होते आणि गावांहून आलेली पाच उत्तरं. उत्तरं बहुतेक गावातल्या शिकलेल्या कुणी तरी लिहून दिलेली, खाली आईचा किंवा बापाचा अंगठा. एका खर्ड्यात पहिलं वाक्य अकरा वेळा खोडून परत लिहिलेलं आहे.

संशोधनाच्या दृष्टीने संग्रहातला हा सर्वांत मोलाचा भाग, आणि म्हणूनच तो सर्वांत सांभाळून हाताळायला हवा होता. हे दुःख सात कुटुंबांचं आहे. कर्नलांच्या मुलाला ते वाटून टाकायचा अधिकार नाही. या लिफाफ्याची प्रतिमा काढली, पण ती खुल्या प्रतींत घातली नाही. यादीत ‘१२ पत्रं, २०५० पर्यंत बंद’ एवढीच नोंद केली. रेजिमेंटमार्फत सात कुटुंबांना निरोप पोचवायचा प्रयत्न झाला. त्यांतल्या दोन कुटुंबांचा पत्ता लागला, एका घरातून पत्राची प्रत मागितली गेली आणि ती दिली. गोपनीय अहवालांचे खर्डे आणि चौकशीची टिपणं मात्र संग्रहात ठेवली नाहीत. ती सरकारी कागदांबरोबरच स्वतंत्र पाकिटात परत केली. हा निर्णय अभ्यासकांना खटकेल. ज्यांच्याबद्दल ते लिहिलं आहे त्यांतले बरेच जण हयात आहेत, त्यामुळे तो योग्यच होता.

*चालू कागद.* ३८ पानं. पेन्शन पेमेंट ऑर्डर, निवृत्तीचं पत्र, विवाहनोंदीची प्रत, काकूंचं शाळा सोडल्याचं प्रमाणपत्र, मृत्यूचा दाखला, ईसीएचएस (माजी सैनिकांची आरोग्य योजना) आणि विम्याचे कागद. हे कुठल्याही संस्थेला द्यायचे नाहीत. वेगळ्या फाइलमध्ये घालून ती मुलाकडे दिली आणि जन्मतारीख नोंदवण्याचा अर्ज जूनमध्येच संरक्षण पेन्शनच्या ‘स्पर्श’ या ऑनलाइन प्रणालीतून गेला. दोन क्रमांकांमुळे इथेही अडलं. विवाहनोंद ईसी क्रमांकाखाली, पेन्शन आयसीखाली. दोन्ही क्रमांक एकाच पानावर असलेला कायम कमिशनचा आदेश जोडल्यावर मार्ग मोकळा झाला. तो आदेश भंगारात निघालेल्या ट्रंकेत होता.

*कुटुंबाचे कागद.* उरली १,९९२ पानं, त्यांत १६३ पत्रं आणि गनरीच्या, म्हणजे तोफा चालवण्याच्या शास्त्राच्या अकरा वह्या. शिवाय ४१२ फोटो. गंजलेल्या टाचण्या आणि स्टेपल ओढून काढायच्या नाहीत. कागद पालथा ठेवून टोकं पातळ सुरीने सरळ करायची, मग पिन सरकवायची. सेलोटेप जिथे घट्ट होता तिथे तसाच सोडला. कसर लागलेल्या दोन वह्या वेगळ्या करून घासून झाडल्या. डांबरगोळ्या सगळ्या काढून टाकल्या, कारण त्यांची वाफ फोटोंनाही बरी नाही आणि माणसांनाही. फोटो आम्लरहित कागदाच्या पाकिटांत गेले. मजकूर फोटोच्या पाठीवर लिहिला नाही, पाकिटावर लिहिला, तोही मऊ पेन्सिलीने आणि फोटो आत घालण्याआधी.

वह्यांवर तारखा जवळपास नव्हत्या, आणि इथे ब्रिगेडियरांचं ज्ञान सोन्यासारखं ठरलं. २५-पाउंडरचा पल्ला सुमारे १३,४०० यार्ड. सोव्हिएत बनावटीच्या १३० मिलिमीटर तोफेचा सुमारे २७ किलोमीटर. ज्या पानावर पल्ला यार्डांत आणि चार्ज (गोळा फेकायच्या दारूचं प्रमाण) १, २, ३ किंवा सुपर लिहिलेला, ते पान पहिल्या काळातलं. ज्या पानावर २४,००० मीटर आहे ते २५-पाउंडरचं असूच शकत नाही. कोन मोजायच्या पद्धतीनेही मदत झाली; पाश्चात्त्य रीतीत वर्तुळाचे ६४०० मिल (कोनाचं एकक), सोव्हिएत रीतीत ६०००. मुलाने ‘फाइल नंबर’ समजून बाजूला ठेवलेला ‘०७१४३०’ हा आकडा खरं तर ७ तारीख, दुपारचे १४:३० असा होता. तो उलगडल्यावर नऊ सुटी पानं डिसेंबर १९७१ मध्ये जाऊन बसली. पत्रांवरच्या पत्त्यात फक्त ‘५६ एपीओ’ किंवा ‘९९ एपीओ’ (आर्मी पोस्ट ऑफिस) असतं, गाव नसतं. ठिकाण शोधायला फील्ड पोस्टाचा शिक्का आणि वह्यांतल्या नोंदी शेजारी ठेवाव्या लागल्या. वह्यांतली १४ पानं शंकास्पद होती, हातची टिपणं की सरकारी आदेशाची नक्कल हे कळेना. ती पानं रेजिमेंटला दाखवून, लेखी होकार आल्यावरच स्कॅन केली.

स्कॅनिंगमध्ये एक साधी चूक टळली ती वेळेवर मोजपट्टी लावल्यामुळे. त्या काळचा फूलस्केप कागद ३३ सेंटिमीटर लांब, ए-४ स्कॅनरची काच २९.७ सेंटिमीटर. खालची तीन सेंटिमीटर कापली जातात, आणि सही, तारीख, हुद्दा नेमका तिथेच असतो. म्हणून ए-३ स्कॅनर भाड्याने आणला. कागद ३०० डीपीआय, फोटो ६०० डीपीआय, टिफ स्वरूपात. फूलस्केपचं एक पान रंगीत स्कॅन केलं की सुमारे २८ एमबी होतं; दोन्ही बाजू धरून २,९०० प्रतिमा आणि फोटो मिळून सगळा साठा ९५ जीबीच्या आसपास गेला. तासाला जेमतेम ५० प्रतिमा होत होत्या. प्रती तीन: एक मुलाकडे, एक मुलीकडे, एक संस्थेकडे.

निष्पत्ती

घर वेळेत रिकामं झालं. मूळ खासगी कागद, वह्या आणि फोटो सैनिकी इतिहासावर काम करणाऱ्या एका संस्थेला लेखी दानपत्राने दिले. त्यात बंद भागाची मुदत, प्रती काढण्याच्या अटी आणि संस्था बंद पडली तर संग्रह कुठे जाईल, हे स्पष्ट आहे. काकूंना आलेली ४७ पत्रं त्यांनी स्वतःकडे ठेवली. त्यांच्या प्रतिमाही कुणाला दिलेल्या नाहीत. पदकं आणि पितळी केस मुलाकडे आहेत. मार्च २०२५ पासून काकूंच्या पेन्शनमध्ये २० टक्क्यांची वाढ लागली आणि फेब्रुवारीचा फरकही मिळाला.

वॉर डायरीची १८ पानं आणि टाल्क यांच्या पुनरावलोकनाबद्दल अजून काही कळवलेलं नाही.

वेगळं काय करता आलं असतं

पहिले आठ दिवस. ट्रंक उघडल्यावर फक्त वरून फोटो काढून झाकण लावलं असतं, तर अल्बम वाचले असते. घाई होती हे खरं, पण ट्रंक आहे तशी उचलून दुसऱ्या घरी नेता आली असती. लोखंडी पेटी पुनर्विकासाच्या आड येत नाही.

पेन्शनचे कागद पहिल्या दिवशी शोधायला हवे होते. इथे ते सातव्या आठवड्यात हाती लागले. फेब्रुवारी अजून दूर होता म्हणून निभावलं.

सरकारी कागदांसाठी रेजिमेंटला पत्र लिहायला तीन आठवडे उशीर झाला, कारण आधी सगळे कागद पाहून एकच यादी करायची असं ठरवलं होतं. पहिला शिक्का दिसला त्याच दिवशी पत्र जायला हवं होतं. यादी पाठोपाठ पाठवता आली असती.

काकूंशी बोलणंही उशिरा सुरू झालं. फोटो ओळखायला त्यांच्यासोबत सहा दुपारी बसणं झालं, दर वेळी तासभर, कारण त्यापुढे त्या थकत. त्या सहा तासांत १४० फोटोंना नावं मिळाली; क्वार्टर कुठली, कुणाच्या मुलाचं बारसं, मागे दिसणारी गाडी कुणाची. ब्रिगेडियरांनी आणखी १४५ ओळखले. उरलेल्या १२७ फोटोंच्या पाकिटावर पेन्सिलीने फक्त ‘अनोळखी’ लिहिलं आहे. त्यांतल्या ४१ फोटोंत चेहरे स्पष्ट दिसतात. त्या ४१ फोटोंच्या प्रती वेगळ्या पाकिटात काढून ठेवल्या आहेत. रेजिमेंटच्या पुढच्या स्थापनादिनाला जुने जवान जमतील, तेव्हा मुलगा त्या घेऊन जाणार आहे.